मालिकेला शेवट हवा

प्रिय विन्या,

तुझं पत्र मिळालं. घरच्या बातम्यांना फोनवर उत्तर देईन, पण त्यातलं एक वाक्य डोक्यातून जात नाही म्हणून हे सविस्तर लिहायला बसलो. ‘तुझ्यासारखा वाचणारा माणूस रोज संध्याकाळी मालिका कशा काय बघू शकतो?’ असं तू विचारलंयस. तू सहज विचारलं असशील, मी मात्र मनापासून उत्तर देणार आहे.

मी मालिका बघतो आणि लक्ष देऊन बघतो. आईला सोबत म्हणून बसतो असं सांगून मोकळं होता आलं असतं, पण ते खरं नाही. माणूस रोज थोडा थोडा उलगडत जाताना बघायला मला आवडतं. नाटकाला अडीच-तीन तास मिळतात, सिनेमाला बहुतेक वेळा त्याहून कमी. सासरी नुकतीच आलेली मुलगी वर्षभरात त्या घरात बोलायला कशी लागते, दोन भावांमधला अबोला आधी कसा वाढतो आणि मग कुणाच्या तरी आजारपणात कसा सुटतो, हे सवडीने दाखवायची सोय मालिकेत आहे. एवढी ताकद असलेल्या प्रकाराची रोज हेळसांड होते म्हणून माझा जीव तुटतो. तू म्हणतोस मालिका टुकार असतात. मी म्हणतो, मालिका सुरू होते तेव्हा ती कुठे संपणार हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि तुला खटकणाऱ्या निम्म्याहून जास्त गोष्टी तिथूनच येतात.

‘स्वामी’ आठवते ना? दूरदर्शनवरची, गजानन जागीरदारांनी दिग्दर्शित केलेली. रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव रमाबाई. थोरले माधवराव 1772 मध्ये थेऊरला क्षयाने गेले, तेव्हा त्यांचं वय 27 होतं आणि रमाबाई सती गेल्या, हे आपण शाळेत शिकलो होतो. शेवट सगळ्या घराला पाठ होता, आणि तरी पुढच्या भागाची वाट बघताना आठवडा सरायचा नाही. उलट शेवट ठाऊक होता म्हणूनच त्या नवराबायकोचं साधं बोलणंसुद्धा आत कुठेतरी लागायचं. यांच्याकडे वेळ थोडा आहे, हे त्यांना कळायच्या आधी आपल्याला कळलेलं असायचं. काकापुतण्यातला प्रत्येक प्रसंग पुढच्या कशाची तरी तयारी करत होता. आज ‘सस्पेन्स’ म्हणून जे खपवतात ते फार तर सोमवारपासून मंगळवारपर्यंत टिकतं. ‘महाभारता’चंही तेच. 2 ऑक्टोबर 1988 ला सुरू झालं, 24 जून 1990 ला 94 भागांत संपलं. कथा हजारो वर्षं सगळ्यांना माहीत, आणि तरी रविवारी सकाळी रस्ते ओस.

मालिकांचा आपल्याकडचा उगमही विसरण्यासारखा नाही. वसंत साठे माहिती व नभोवाणी मंत्री असताना मेक्सिकोला गेले होते. तिथे मिगेल साबिदो नावाचा माणूस लोकशिक्षणासाठी मालिका रचायचा. साक्षरता, कुटुंबनियोजन असे विषय तो गोष्टीत असे गुंफायचा की बघणाऱ्याला त्यातल्या माणसांचा लळा लागावा. तिथून ती कल्पना इथे आली आणि 7 जुलै 1984 ला ‘हम लोग’ सुरू झाली, मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन बोलायचे. सुरुवातीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार होता, लोक कंटाळले, तसं कळवू लागले, आणि मग उपदेश आवरता घेऊन घरातल्या माणसांच्या गोष्टीवर भर दिला गेला. 1985 च्या डिसेंबरात, जेमतेम दीड वर्षात, मालिका संपली. प्रेक्षकाचं म्हणणं लिहिणाऱ्यापर्यंत पोचलं आणि लिखाण सुधारलं, हे आपल्या टीव्हीच्या अगदी पहिल्या पावलालाच घडलेलं आहे. ‘पब्लिकला हेच हवं असतं’ असं जे तू लिहिलंयस, त्यावर मी पुढे येतो. आधी हे लक्षात ठेव.

मधल्या काळात खासगी वाहिन्या आल्या. 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा मराठी सुरू झाली, पुढे तिचीच झी मराठी झाली. ‘आभाळमाया’, प्रतिमा कुलकर्णींची ‘प्रपंच’, नंतर ‘वादळवाट’. ‘आभाळमाया’तली सुधा जोशी मला अजून जवळची वाटते. सुकन्या कुलकर्णींनी ती बाई शिकलेली, कमावती आणि नवऱ्याच्या वागण्याने आतून मोडलेली अशी एकाच वेळी उभी केली. ती ओरडायची नाही, दुसऱ्या बाईला धडा शिकवायला बाहेर पडायची नाही. सकाळी उठून कामाला जायची. आपल्या शेजारपाजारच्या किती बायका तशाच जगत होत्या, आणि त्यांच्याविषयी घराघरात मोकळेपणाने बोलायला त्या मालिकेने तोंड फोडलं. शीर्षकगीतांचं तर काय सांगू! अशोक पत्कींची चाल आणि मंगेश कुळकर्णींचे शब्द ऐकू आले की हातातलं काम टाकून माणसं बाहेरच्या खोलीत यायची. आता गाणं दोन ओळी वाजतं न वाजतं तोच ‘पुढे पहा’ सुरू होतं.

मग रोजच्या मालिकेने सगळंच व्यापलं. ‘चार दिवस सासूचे’ 2001 मध्ये सुरू झाली आणि 2013 मध्ये संपली, 3,000 हून अधिक भाग. पहिल्या भागाच्या वेळी पाळण्यात असलेलं मूल शेवटच्या भागापर्यंत सहावीत गेलं असेल. त्या मालिकेत रोहिणी हट्टंगडी होत्या, म्हणजे ‘गांधी’तल्या कस्तुरबा. इतकी मोठी अभिनेत्री अकरा वर्षं घराघरात आली, ही मी मराठी प्रेक्षकाची श्रीमंतीच समजतो. पण कुठलीही एक गोष्ट 3,000 भाग चालू शकत नाही. गोष्ट केव्हाच संपलेली असते, मग उरतात ते ट्रॅक, म्हणजे मध्येच घुसवलेली उपकथानकं. एकाचं अपहरण, दुसरीची स्मृती गेलेली, तिसऱ्याचा हुबेहूब दिसणारा माणूस. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’त नायक मिहिर मेला आणि लोकांच्या आग्रहाखातर परतही आला. त्यानंतर पडद्यावरच्या मरणाला अर्थच उरला नाही. आज कुणी दरीत कोसळलं तर आई डोळ्यांना पदर लावत नाही, ‘येईल महिनाभरात’ म्हणते.

तू बघत नाहीस, म्हणून एक साधा भाग कसा भरतात ते तुला सांगतो. अर्ध्या तासाचा स्लॉट, जाहिराती वगळून हातात वीस-बावीस मिनिटं. त्यातही आधी ‘मागील भागात’. मग दिवाणखाना. सगळं कुटुंब अर्धवर्तुळात उभं, कुणीही बसलेलं नाही, कारण बसलं तर कॅमेऱ्याला सगळे चेहरे एका ओळीत मिळत नाहीत. दारातून एक जण येतो आणि म्हणतो, ‘हे लग्न होणार नाही.’ आता कॅमेरा नवरीकडे, धाडकन संगीत. मग सासूकडे, पुन्हा संगीत. मग दिराकडे, जावेकडे, काकांकडे, कोपऱ्यातल्या मोलकरणीकडे. मग पुन्हा नवरीकडे, या वेळी तीनदा, तीन बाजूंनी. एका वाक्यात दीड मिनिट गेलं. कुणीतरी ‘काय?’ म्हणतं आणि तेवढ्यात ब्रेक. ब्रेकनंतर तेच वाक्य पुन्हा, कारण मध्येच टीव्ही लावणाऱ्याला कळायला हवं. त्या सात-आठ नटांना मी अजिबात दोष देत नाही. नीट बघ, कोपऱ्यातली ती मोलकरीणसुद्धा जीव ओतून दचकते. बारा-बारा तासांच्या शिफ्ट करून, मेकअप चालू असताना हातात आलेली संवादांची पानं पाठ करून ही माणसं काम करतात. लेखकांचंही तसंच. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. एपिसोडची बँक, म्हणजे आधी तयार करून ठेवलेले भाग, संपत आली की रात्रीत भाग लिहून द्यायचा. अशा धावपळीत सोमवारी नायिका जे बोलली ते शुक्रवारच्या लेखकाला आठवत नसेल तर नवल नाही. पण आईला आठवतं! परवाच ती म्हणाली, ‘अरे, हिने त्या दिवशी सासऱ्यांना वचन दिलं होतं ना? ते कुठे गेलं?’ ऐंशीला टेकलेली बाई सगळ्या मालिकांमधल्या सगळ्या माणसांचे शब्द लक्षात ठेवते, आणि तिच्यासाठी लिहिणाऱ्यांच्या लक्षात ते राहत नाहीत. हा मला तिचा अपमान वाटतो. मालिकेविषयी माझ्या मनात जो राग आहे तो सगळा इथेच आहे.

आता तुझ्या ‘पब्लिकला हेच हवं’कडे येतो. पब्लिकला काय हवं हे ठरतं टीआरपीवर. देशभरातल्या निवडक घरांत प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे मीटर बसवलेले असतात. 2020 च्या सुमारास अशी घरं साधारण 44,000 होती. कार्यक्रमाच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, तिच्यावरून मीटरला वाहिनी ओळखता येते, आणि घरातल्यांनी कोण बघतंय त्याप्रमाणे रिमोटवरचं आपापलं बटण दाबायचं. दर गुरुवारी आकडे येतात आणि त्यांच्यावर पुढचे भाग ठरतात. माझी हरकत आकड्यांवर नाही. टीव्ही चालू होता आणि समोर कोण होतं, एवढंच त्यांना सांगता येतं. ती बाई आनंदाने बघत होती, भाजी निवडताना नुसता आवाज ऐकत होती, की ‘एकदाचं लग्न झालं की बंद करते हे’ म्हणत चिकाटीने बसली होती, हे त्यात कुठेच येत नाही. ‘हम लोग’च्या वेळी लोक का कंटाळले हे लिहिणाऱ्याला कळत होतं. आता किती जण टिकले तेवढंच कळतं. ज्या आठवड्यात खलनायिकेने विष कालवलं त्या आठवड्यात आकडा चढला, की पुढचे सहा महिने विष कालवणं चालूच. लोकांना विष आवडलं असं नसतं रे. त्यांना जिच्यासाठी ते कालवलं ती बाई वाचते की नाही हे बघायचं असतं.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ 2016 ला सुरू झाली तेव्हा मी खूश होतो. नागपूरकडची राधिका, वऱ्हाडी बोलणारी. नवरा दुसरीच्या नादी लागलेला. रडत बसायच्या ऐवजी ती मसाले करून विकायला लागते आणि धंदा उभा करते. त्या दिवसांत मालिका संपल्यावर आमच्याकडे शेजारच्या बायका थांबून बोलत बसायच्या. एकीने तर ‘मला हे आधी सुचलं असतं तर’ असं म्हटलं होतं, आणि त्यावर कुणीच काही बोललं नव्हतं. ती गोष्ट दोनशे-अडीचशे भागांत संपवली असती तर मराठी टीव्हीवरची एक मोठी मालिका म्हणून लोकांनी नाव घेतलं असतं. चालली 2021 पर्यंत. मधल्या काळात त्या दुसरीचं, शनायाचं, काम करणारी नटी बदलली, पुन्हा पहिली आली. नवरा तोच, त्याचे कट तेच, आणि कर्तबगार राधिकाला पुनःपुन्हा त्याच नवऱ्याच्या पातळीवर उतरून त्याला धडा शिकवत बसावं लागलं. एका बाईच्या धीराची गोष्ट ताणून ताणून तिची नुसती कुरघोडीची गोष्ट झाली.

पण चांगलंही घडलंय, आणि ते तू बघितलं नाहीस म्हणून मला वाईट वाटतं. आपल्या लहानपणी टीव्हीवर मालवणी किंवा कोल्हापुरी बोलणारा माणूस म्हणजे बहुतेक गडी, नाहीतर हसवायला आणलेला पाहुणा. 2016 ला ‘रात्रीस खेळ चाले’ आली आणि अख्खं नाईक कुटुंब मालवणीत भांडायला, रडायला, भ्यायला लागलं. सावंतवाडीजवळ आकेरीला चित्रीकरण झालं, ते घर बघायला लोक गाड्या काढून जाऊ लागले. अण्णा नाईक तर घराघरात नाव झालं. त्याच वर्षी ‘तुझ्यात जीव रंगला’तला राणादा कोल्हापुरी बोलत नायक झाला, पुढच्या वर्षी ‘लागिरं झालं जी’ने सातारी बोली आणि फौजेत जाणारी पोरं आणली. माझ्या ऑफिसात साताऱ्याकडचा एक तरुण आहे, तो सगळ्यांशी पुस्तकी मराठी बोलायचा. ती मालिका चालू असताना तो हळूहळू जेवणाच्या सुट्टीत त्याच्या घरच्या भाषेत बोलायला लागला. मोठी माणसं साहित्य संमेलनांत बोलीभाषांविषयी कळकळीने बोलतात, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण हे काम मालिकेने केलं, आणि ते कुणी तिच्या खात्यावर मांडत नाही.

शेवट डोळ्यांसमोर ठेवून मालिका करता येते, हेही आपल्याच लोकांनी दाखवलंय. श्रीरंग गोडबोलेंनी लिहिलेली ‘अग्निहोत्र’ घे, स्टार प्रवाहवरची. एक जुना वाडा, पांगलेलं घराणं आणि आठ गणपती. आठ म्हटल्यावर बघणाऱ्याला पहिल्यापासून कळतं की गोष्टीला किनारा आहे. एक गणपती सापडला की पुढचे किती राहिले याचा हिशोब घरबसल्या सुरू. आणि 2012 ची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी. राधा आणि घना घरच्यांच्या समाधानासाठी लग्नाचं नाटक करतात आणि हळूहळू ते नाटक त्यांनाच पेलेनासं होतं. खलनायिका नाही, विष नाही, कुणाची स्मृती जात नाही. सकाळी चहाच्या वेळी कुणी कुणाशी किती बोललं, एवढ्यावर आख्खा भाग चालायचा, आणि आम्ही जागचे हलायचो नाही. लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, त्याच वर्षी ती संपवली. लोक हळहळले. ती हळहळ मला फार मोलाची वाटते, कारण संपल्यावर माणसं त्या दोघांविषयी प्रेमाने बोलत राहिली. या दोन्ही मालिकांचे दिग्दर्शक सतीश राजवाडे. एकच माणूस दोन वेगळ्या वाहिन्यांवर हे करून दाखवू शकतो, म्हणजे अडचण प्रेक्षकाची नाही.

2014 मध्ये जिंदगी वाहिनीवर पाकिस्तानी मालिका दिसायला लागल्या, तेव्हाही हेच दिसलं. ‘जिंदगी गुलजार है’ 26 भागांत आटोपते. आमच्या ओळखीत ज्यांना उर्दू शब्द निम्मे कळत नव्हते त्यांनीही ती संपूर्ण बघितली.

तू म्हणशील, मग वेब सिरीज बघ, तिथे सगळं आठ-दहा भागांत असतं. बघतो. काही फार आवडतातही. पण तिथे माझा एक मोठा तोटा होतो. एका रात्रीत सगळे भाग बघून तू मोकळा होतोस, मी चौथ्या भागावर असतो, आणि तू फोनवर पहिलं काय म्हणतोस तर ‘पुढचं सांगू का?’ आपण दोघं एकाच वेळी एकाच प्रश्नावर अडकलेले कधी नसतोच. साप्ताहिक मालिकेत दोन भागांच्या मधले सहा दिवस प्रेक्षकांचे असायचे. राघोबादादांचं चुकलं की परिस्थितीचं, यावर तुझे वडील आणि माझे वडील कट्ट्यावर भांडले होते, आठवतं? त्या भांडणामुळे आपण इतिहासाची पुस्तकं उघडली. रोजच्या मालिकेत विचार करायला रात्रच काय ती मिळते, वेबवर तेवढीही नाही. मला विचारशील तर आठवड्यातून एक किंवा दोन भाग, वर्षभरात गोष्ट पुरी, आणि शेवट आधी लिहून मगच पहिला भाग शूट करायचा. वाहिनीचं गणित यात बसत नाही हे मला कळतं. सेट उभा करायचा खर्च रोज चालवल्याशिवाय निघत नाही, नवीन मालिका रुजायला वेळ लागतो, चालणारी मालिका कोण बंद करणार? पण टाळेबंदीत, 2020 च्या मार्चअखेरीस दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं तेव्हा नव्या मुलांनीही ते रोज बघितलं. तेहतीस वर्षांपूर्वी सुरू झालेली, शेवट सगळ्यांना ठाऊक असलेली मालिका! चांगली सांगून पुरी केलेली गोष्ट पुन्हा पुन्हा विकता येते, हा व्यवहारही कुणीतरी मांडायला हवा.

आईविषयी एक सांगायचं राहिलं. तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी एकेक करून गेल्या. गुडघ्यांमुळे बाहेर पडणं नाही. सात, साडेसात, आठ अशी तिची संध्याकाळ मालिकांच्या वेळांनी बांधलेली आहे. ती ‘आज तिची मंगळागौर आहे’ असं म्हणते तेव्हा सून, नात, शेजारीण यांच्याविषयी बोलावं तसं बोलते. अशा लाखो म्हाताऱ्या माणसांकडे त्या वेळी दुसरं कुणीच येत नाही. म्हणून त्यांच्याकडे पाठवायची गोष्ट नीट लिहून पाठवावी, एवढंच माझं मागणं आहे. तू मालिकांना हसतोस तेव्हा मला तिच्या बाजूने बोलावंसं वाटतं, आणि वाहिनीवाले तिला गृहीत धरतात तेव्हाही.

वाहिनीला मी गेल्या आठवड्यात पत्र लिहिलं, नाव घालून, सही करून. नायिकेने सासऱ्यांना दिलेल्या वचनाचं काय झालं, हा आईचा प्रश्न तिच्याच शब्दांत घातला. ती दर दोन दिवसांनी उत्तर आलं का विचारते.

आता तुझ्याकडून एक हवंय. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ पहिल्या भागापासून बघायला घे. रोज एकच भाग, जास्त नाही, आणि वहिनींबरोबर बस. पंधरा-वीस भाग झाले की थांब आणि मला लिही की राधा आणि घना या दोघांत कोण जास्त स्वतःपासून पळतंय. माझं एक मत आहे, पण तुझं आल्याशिवाय सांगणार नाही. वहिनींचं मत वेगळं असेल तर तेही स्वतंत्र लिहायला सांग.

काका-काकूंना नमस्कार. आईने तुला आशीर्वाद सांगितलेत.

तुझा,
शऱ्या